‘मुलांसाठी’ : एका शिक्क्याची हकीकत

इचलकरंजीतील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचे काम आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ करीत आहोत. आमच्या कचेरीची पायरी चढणारा माणूस बहुधा मजुरी, बोनस किंवा मागावर झालेली इजा यांपैकी एखादे काम घेऊन येतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक अक्का आल्या, त्यांचे काम मात्र यांपैकी कशातच बसणारे नव्हते. कांड्या भरण्यात त्यांची सारी उमर गेली. मुलगा आणि सून दोघेही पाळीवर जातात, त्यामुळे साडेतीन वर्षांचा नातू त्यांच्याच कडेवर असतो. दिवाळीला दहा दिवस त्यांना राधानगरीपलीकडच्या डोंगरातल्या आपल्या गावी जायचे होते. मोबाईल आमच्यापुढे धरून त्या म्हणाल्या, “दादा, तेवढं ते आकड्यांचं गाणं घाला की ह्यात. गावाकडं रेंज न्हाई, आणि गाणं लागल्याबिगर पोरगं घास घेत न्हाई बघा.”

कचेरीत संगणकावर बसणारा आमचा एक तरुण कार्यकर्ता या कामात वाकबगार. त्याने पहिल्यांदा अक्कांच्या आवडीचा एक अभंग उतरवून घेतला. मग, अक्कांच्या यजमानांसाठी म्हणून, खासबाग मैदानातली एक कुस्ती उतरवली. दोन्ही चुटकीसरशी आले. आकड्यांचे गाणे मात्र काही केल्या उतरेना. पडद्यावर ते चालू होते, वाजत होते, पोरगा समोर बसून टाळ्या पिटत होता, आणि डाऊनलोड करणारा प्रोग्राम तेवढे सांगत होता की हा व्हिडिओ उपलब्ध नाही. सायंकाळच्या एस. टी.ची वेळ झाली तेव्हा अक्का अभंग आणि कुस्ती घेऊन निघून गेल्या.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि संपाच्या मंडपात घडले. त्यामुळे एखादी गोष्ट अडली की ती कोठे अडली हे शोधल्याशिवाय आम्हांला झोप येत नाही. पगाराच्या पावतीतले एक कलम न कळले तर आम्ही मूळ कायद्यापर्यंत जातो. त्याच सवयीने या गाण्याच्याही मागे लागलो. त्या गाण्यावर ‘मुलांसाठी बनविलेले’ असा शिक्का होता, अभंगावर आणि कुस्तीवर नव्हता, एवढाच फरक प्रथम हाती लागला. हा शिक्का कोणी मारला, केव्हा मारला, कशासाठी मारला, हे शोधता शोधता आम्ही अमेरिकेतील बॉस्टन शहराजवळच्या न्यूटन या गावी, १९६८ सालातील एका घराच्या बैठकीच्या खोलीत जाऊन पोहोचलो.

त्या खोलीत पेगी चॅरेन नावाच्या बाईंनी आपल्यासारख्याच काही आया जमविल्या होत्या. त्यांची तक्रार साधी होती. दूरचित्रवाणीवर मुलांचे कार्यक्रम म्हणून जे दाखवितात त्यात खेळणी आणि साखरेने माखलेले न्याहारीचे पदार्थ विकण्याचाच उद्योग अधिक चालतो. ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन’ ही संस्था त्यातून उभी राहिली. संघटना बांधणाऱ्या माणसाला या बायांचे कौतुक वाटल्यावाचून राहात नाही. त्यांच्याजवळ पक्ष नव्हता, थैली नव्हती. तरीही त्यांनी सरकारच्या दारी अर्ज नेले, ते वर्षानुवर्षे लावून धरले, आणि १९७८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तेथील व्यापार आयोगाने, त्यांचे म्हणणे विचारात घेतले. ज्या वयाच्या मुलाला जाहिरात ही जाहिरात आहे एवढेही कळत नाही, त्या वयाच्या मुलापुढे जाहिरात करणे हीच लबाडी आहे, सबब ती बंद करावी, असा विचार पुढे आला.

यानंतर जे झाले ते मजुरीवाढीच्या कोणत्याही लढ्यात पाहिलेल्या माणसाला नवे वाटणार नाही. खाद्यपदार्थवाले, साखरवाले, खेळणीवाले आणि प्रक्षेपणवाले एकत्र आले. सरकार आता देशाची दाई होऊ पाहात आहे अशी टर एका मोठ्या वृत्तपत्राने उडविली. १९८० साली तेथील संसदेने आयोगाचे हातच बांधून टाकले. शेवटी १९९० साली जो कायदा झाला त्यात मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर तासाला बंधन आले : आठवड्याच्या कामाच्या दिवशी बारा मिनिटे आणि शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे. बावीस वर्षांच्या चळवळीची ही कमाई. मागणी होती की मुलांना गिऱ्हाईक करू नका, आणि पदरात पडले ते एवढेच की तासाला किती मिनिटे गिऱ्हाईक करावे याचे माप.

पुढे इंटरनेट आले. दूरचित्रवाणी बोलते आणि आपण ऐकतो, ती आपल्याला काही विचारत नाही. संकेतस्थळ मात्र विचारते. खेळ खेळायचा आहे? मग नाव सांग, पत्ता सांग, घरी कोण कोण आहे ते सांग. १९९६ साली ‘सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन’ या संस्थेने हा प्रकार उजेडात आणला. १९९८ साली व्यापार आयोगाने स्वतः पाहणी केली, तेव्हा मुलांची म्हणविणारी जी २१२ संकेतस्थळे तपासली त्यांतील शंभरांत ८९ स्थळे मुलांकडून खाजगी माहिती गोळा करीत होती. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अध्यक्ष क्लिंटन यांची सही होऊन मुलांच्या खाजगीपणाच्या रक्षणाचा कायदा झाला आणि २१ एप्रिल २००० पासून त्याचे नियम अमलात आले. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर आधी आईबापांची पडताळलेली संमती घ्या, असा त्याचा गाभा.

कायदा चांगला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पण ज्यांच्यावर तो लागू व्हावयाचा त्यांनी त्यातून सर्वांत स्वस्त वाट काढली. आमच्या दारावर पाटी लावतो की तेरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, मग आत मूल सापडले तर तो आमचा दोष नव्हे! मुले जन्मसाल बदलून आत जाऊ लागली, आणि कित्येक घरी तर आईबापांनीच ते बदलून दिले.

येथे आमच्या स्वतःच्या व्यवसायाच्या इतिहासाची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. १८८१ सालच्या पहिल्या फॅक्टरी ॲक्टाने सात वर्षांखालील मुलाला कारखान्यात घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. नऊ तास ही त्या काळी दया होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून, सह्या गोळा करून जी हाक दिली, तिच्यानंतर १८९१ साली दुसरा कायदा झाला. त्याने वयाची अट नऊवर आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे काम सात तासांवर नेले. मुलाचे वय ठरवावयाचे डॉक्टरने, दाखला द्यावयाचा डॉक्टरने. मग गिरण्यांच्या गावी नवीनच प्रकार सुरू झाला. एक मूल सकाळी एका गिरणीत आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या गिरणीत! दोन्हीकडे दाखले बरोबर, दोन्हीकडे तास कायद्यातले, आणि पोराच्या अंगावर दोन्हींची बेरीज. यावर १९२६ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तिने एकाच दिवशी दोन गिरण्यांत मुलाला काम करू देणाऱ्या आईबापाला किंवा पालकाला शिक्षेस पात्र ठरविले.

ज्या गिरण्यांच्या यंत्रांना ती लहान बोटे हवी होती त्या गिरण्यांचे उत्पन्न तसेच राहिले, आणि दंड भरावा लागला तो ज्यांच्या घरी संध्याकाळची भाकरी त्या दोन हजेऱ्यांवर चालत होती त्यांना. ही १९२६ सालची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले. पुढल्याच वर्षी गूगल कंपनीने ते १६५ कोटी डॉलरला विकत घेतले. पाहणाऱ्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, जाहिरातदाराकडून घ्यावयाचे, हा या धंद्याचा पाया. आणि जाहिरातही सर्वांना एकच दाखवावयाची नाही. कोण काय पाहतो, किती वेळ पाहतो, कोठे थांबतो याची नोंद ठेवून ज्याला जी लागू पडेल ती त्याला दाखवावयाची. त्या नोंदीसाठी प्रत्येक मोबाईलला, प्रत्येक संगणकाला एक खूण चिकटवितात. नाव ठाऊक नसले तरी हाच तो मोबाईल, काल याने मोटारीची गाणी पाहिली, आज खेळण्यांची पाहतो आहे, एवढे त्या खुणेवरून कळते. जुलै २०१३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अमेरिकेच्या नियमांत ही खूणसुद्धा खाजगी माहितीत धरली गेली. म्हणजे मुलांच्या व्हिडिओवर अशी नजर ठेवून जाहिरात करावयाची तर आईबापांची संमती हवी, हे त्या दिवसापासून स्पष्ट झाले.

कंपनीचे उत्तर तेच जुने होते. आमचे स्थळ मोठ्यांसाठी आहे, तेरा वर्षांखाली येथे कोणी नाही. एप्रिल २०१८ मध्ये वीसहून अधिक संस्थांनी मिळून व्यापार आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत जे कागद निघाले ते कोणत्याही औद्योगिक न्यायालयात गाजले असते. बार्बीची बाहुली बनविणाऱ्या मॅटेल कंपनीला सांगितले होते की सहा ते अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचण्यात दूरचित्रवाणीच्या मोठ्या वाहिन्यांपुढे आज यूट्यूबच अग्रेसर आहे. हॅस्ब्रो या दुसऱ्या खेळणीवाल्या कंपनीला सांगितले की मुले ज्या स्थळावर नेहमी जातात त्यांत आमचा पहिला क्रमांक. आणि एका जाहिरात कंपनीला मात्र सांगितले की आमच्याकडे तेरा वर्षांखालील कोणी नाही, सबब तुम्हांला त्या कायद्याचा विचार करण्याचे कारण नाही! गिऱ्हाईक बदलले की मुले हजर, कायदा आला की मुले गैरहजर. आमच्याकडे काही मागखात्यांत हजेरीपट दोन ठेवतात. त्यामुळे आम्हांला याचे आश्चर्य वाटले नाही, एवढेच म्हणतो.

४ सप्टेंबर २०१९ रोजी समझोता झाला. कंपनीने १७ कोटी डॉलर भरावयाचे, पैकी १३ कोटी ६० लाख केंद्रीय आयोगाला आणि ३ कोटी ४० लाख न्यूयॉर्क राज्याला. या कायद्याखाली तोवर एवढा दंड कोणाला झाला नव्हता, असे मोठ्या अक्षरांत छापून आले. आम्ही कागद घेऊन हिशेब केला. मालक कंपनीचे त्या वर्षाचे एकूण उत्पन्न सुमारे १६,१८६ कोटी डॉलर. १७ कोटी म्हणजे तिची नऊ-सव्वानऊ तासांची मिळकत झाली. यंत्रमागाची एक पाळीसुद्धा याहून लांब असते. आयोगाच्या पाच सभासदांपैकी दोघांनी या समझोत्याला विरोध नोंदविला, तो उगाच नव्हे.

दंडापेक्षा महत्त्वाची गोष्ट समझोत्याच्या अटींत आहे. मुलांचा व्हिडिओ कोणता हे कंपनीला कळावे अशी व्यवस्था तिने करावयाची, असे ठरले. आता ही व्यवस्था करावयाची कशी? कंपनीने जगभरच्या प्रत्येक चॅनेलवाल्यावर जबाबदारी टाकली की आपला व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे तुम्हीच सांगा. न सांगाल तर आमचे यंत्र ठरवील. चुकीचे सांगाल तर कायद्याचा बडगा तुमच्यावर पडू शकेल. त्या वेळी अशा एकेका उल्लंघनाला ४२,५३० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद होती. घरच्या खोलीत पडदा टांगून मुलांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने हा आकडा वाचून काय करावे? अमेरिकेत अशा हजारो लोकांची गाळण उडाली आणि त्यांनी आयोगाकडे अर्जांचा पाऊस पाडला. पालक दोन गिरण्यांचे ओझे वाहतो आणि दंडही तोच भरतो, ती १९२६ सालची गोष्ट येथे आठवावी.

६ जानेवारी २०२० पासून शिक्का लागू झाला, आणि तो एका देशाच्या कायद्यातून निघाला असला तरी साऱ्या जगाला लागू झाला. शिक्का बसलेल्या व्हिडिओखाली माणसामागे माग काढणारी जाहिरात बंद झाली. ही त्यातली खरी कमाई, आणि न्यूटनच्या त्या खोलीतील बायांच्या खाती ती जमा केली पाहिजे. पण तिच्याबरोबर इतरही पुष्कळ गोष्टी गेल्या. व्हिडिओखाली कोणाला कमेंट लिहिता येईना. नवा व्हिडिओ आला की कळविणारी घंटी बंद झाली. कोपऱ्यात लहान करून चालू ठेवण्याची सोय गेली. पाहणाऱ्याला तो आपल्या यादीत जपून ठेवता येईना, ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला काढता येईना. एखाद्या मालकाला सांगावे की पोरांना यंत्राजवळ आणू नको, आणि त्याने यंत्र तसेच ठेवून पोरांचे पाणी आणि बाकडे तेवढे काढून टाकावे, असा हा प्रकार आम्हांला वाटतो. कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. यादी, घंटी, कमेंट यांतून मुलाची माहिती जमा होऊ शकते, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडण्यापेक्षा सारे बंद केलेले बरे, असे तिच्या वकिलांनी म्हटले असेल तर ते समजण्यासारखे आहे. मुलांचे चांगले व्हिडिओ व्हावेत म्हणून तीन वर्षांत १० कोटी डॉलर देण्याचेही तिने जाहीर केले होते.

हे सारे न्यूयॉर्क-वॉशिंग्टनला ठरत होते तेव्हा आमच्याकडे लोक व्हिडिओ कसे पाहात होते? स्मार्टफोन घरोघर येण्यापूर्वीचे दिवस आठवा. स्टँडजवळच्या मोबाईल दुकानात वीस-तीस रुपये आणि आपले मेमरी कार्ड दिले की दुकानदार गाणी भरून देत असे. कोणी भजने भरून घेई, कोणी लावण्या, कोणी लहान मुलांची बडबडगीते. त्या दुकानदाराने कोणाची परवानगी घेतली नव्हती, हे आम्ही लपवीत नाही. परंतु गरिबाच्या घरी चित्र आणि आवाज ‘साठवूनच’ येतात, ही गोष्ट त्या दुकानांनी दाखवून दिली. कंपनीलाही ती कळली होती. म्हणूनच डिसेंबर २०१४ मध्ये तिने भारतात व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत इंटरनेटशिवाय पाहण्याची सोय फुकट दिली. २०१६ मध्ये रात्री डेटा स्वस्त असतो तेव्हा व्हिडिओ आपोआप उतरावा अशी युक्ती निघाली. पुढे २०१७ मध्ये ‘यूट्यूब गो’ नावाचे हलके ॲप आले. त्यात उतरविलेला व्हिडिओ शेजाऱ्याच्या मोबाईलला डेटा न खर्चता देता येत असे. ऑगस्ट २०२२ मध्ये ते ॲप बंद झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला हे खरे, पण स्वस्त डेटाला टॉवर लागतो, आणि टॉवर डोंगर चढत नाही.

शिक्का जानेवारी २०२० मध्ये लागला, आणि मार्चमध्ये टाळेबंदीने शाळा बंद झाल्या. मध्ये पुरते तीन महिनेही गेले नाहीत. ज्या क्षणी जगातल्या साऱ्या मुलांना व्हिडिओवरून शिकण्याची पाळी आली, त्याच क्षणी मुलांच्या म्हणून शिक्का बसलेल्या व्हिडिओंची यादी करून ठेवणे बंद झाले होते. आमच्या वस्तीतील एक शिक्षिका पहिलीच्या मुलांच्या पालकांना रोज एकेक दुवा पाठवीत असत. आधी केलेली यादी का चालत नाही हे त्यांना कळेना. शिक्क्याची हकीकत त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. घरात मोबाईल एक, तो बापाबरोबर पाळीवर गेलेला. तो रात्री परत येई तेव्हा मूल झोपलेले असे. ज्यांच्या मोबाईलमध्ये धडा उतरवून ठेवलेला होता त्यांना सुट्टीच्या दिवशी तो दाखविता आला, एवढीच त्या दिवसांतील शाळा.

आता अक्कांच्या गाण्याकडे येऊ. व्हिडिओ डाऊनलोड करणारे प्रोग्राम काय करतात हे आमच्या कार्यकर्त्याने आम्हांला दोन संध्याकाळ बसून समजाविले. पडद्यावर दिसणारा व्हिडिओ एका जागी ठेवलेल्या एका वस्तूसारखा नसतो. चित्र वेगळे, आवाज वेगळा, आणि त्यांच्या लहानमोठ्या प्रती वेगळ्या. प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरला सांगतो की मी अमुक यंत्र आहे : मी ब्राउझर आहे, मी टी. व्ही. आहे, मी मोबाईल आहे. सर्व्हर त्या यंत्राला योग्य असे पत्ते देतो. प्रोग्राम त्या पत्त्यांवरून चित्र आणि आवाज आणून त्यांचा सांधा जुळवितो. या प्रकारचा सर्वांत गाजलेला प्रोग्राम ‘यूट्यूब-डीएल’ २००६ साली निघाला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघाच्या नोटिशीवरून तो गिटहब या भांडारातून काढून टाकला गेला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ठेवला गेला. त्याच्यापासून पुढे आणखी शाखा फुटल्या आणि त्या आजही स्वयंसेवक चालवितात. कंपनीच्या अटींप्रमाणे तिने स्वतः दिलेल्या सोयीखेरीज व्हिडिओ उतरविण्यास मनाई आहे. ही अट प्रोग्राम वापरणाऱ्याने जाणून असावे.

तर खोच अशी की या प्रोग्रामांना ज्या यंत्राचे नाव सांगणे सोयीचे पडते त्यांत एक यंत्र आहे डोळ्यांवर चढवावयाच्या मोठ्या चष्म्यासारखे. त्याच्या नावाने मागणी केली की इतर व्हिडिओंचे पत्ते बिनबोभाट मिळतात, परंतु ज्यावर ‘मुलांसाठी’ असा शिक्का आहे त्याचा पत्ता मिळत नाही. प्रोग्रामला कारण कळत नाही, म्हणून तो आपला ‘उपलब्ध नाही’ एवढेच म्हणतो. दुसऱ्या यंत्राचे नाव सांगून पुन्हा मागावे लागते, आणि तेथेही सर्व्हर आपली रीत वरचेवर बदलतो. अभंग आला, कुस्ती आली आणि गाणे आले नाही, त्याचे रहस्य एवढेच.

यात आम्हांला बोचते ते निराळेच आहे. हा सारा खटाटोप ज्यासाठी झाला ते मूळ काय? मूल काय पाहते याची नोंद कंपनीने घेऊ नये, हे. आता, साध्या फाइलच्या रूपाने मोबाईलमध्ये उतरवून, इंटरनेट बंद ठेवून, साध्या प्लेअरवर लावलेले गाणे पाहणाऱ्या मुलाची नोंद कोण घेणार? राधानगरीच्या डोंगरात, रेंज नसलेल्या घरात, आजीच्या मांडीवर बसून एकच गाणे चाळीस वेळा पाहणारा पोरगा कोणत्याही जाहिरातदाराच्या वहीत येत नाही. मधे जाहिरात लागत नाही, एकातून दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही, गाणे संपले की संपते. मुलाच्या रक्षणाची याहून पुरी व्यवस्था आम्हांला सुचत नाही. कायद्याने ती कोठेही मना केलेली नाही. कायद्याचा एक शब्दही डाऊनलोडविरुद्ध नाही. पण कायद्यातून समझोता निघाला, समझोत्यातून शिक्का निघाला, आणि शिक्क्यावरून कोणत्या यंत्राला काय द्यावयाचे याचे कंपनीच्या आतले नियम निघाले. एवढ्या पायऱ्या उतरता उतरता मूळ हेतू वरच कोठेतरी राहून गेला.

शिक्का मारण्याची जबाबदारी खाली ढकलली म्हणून वरचे सुटले, असेही पूर्ण झालेले नाही, हे नमूद करावयास हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्ने कंपनीने आपले कित्येक व्हिडिओ मुलांचे असून त्यांवर तसा शिक्का मारला नाही, या आरोपावरून १ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. तिच्या तीनशेहून अधिक व्हिडिओंचे शिक्के आम्ही बदलले असे यूट्यूबने तिला २०२० सालीच कळविले होते, असे आयोगाचे म्हणणे. पडदा टांगून गोष्टी सांगणारा दंडाच्या धाकाने आपला व्हिडिओ काढून टाकतो, आणि मोठ्या घरचा मालक पाच वर्षांनी भरतो.

आपल्याकडेही हा विषय आता केवळ परदेशचा राहिलेला नाही. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला त्याच्या नवव्या कलमात मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची सक्ती आहे, आणि मुलांचा माग काढण्यास व त्यांना नेमून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या ठरल्या. अमेरिकेत मूल तेरा वर्षांचे झाले की संपते, आपल्या या कायद्यात ते अठरापर्यंत मूलच आहे. म्हणजे पाळीवर जाणारा सतरा वर्षांचा पोरगाही यात आला. हा कायदा आम्हांला हवाच आहे. पण तो राबविताना शिक्का कोणाच्या हाती राहणार, दंड कोणाच्या माथी बसणार, आणि शिक्क्याबरोबर कोणत्या सोयी गुपचूप काढून घेतल्या जाणार, हे विचारणारे लोक नियम लागू होण्यापूर्वी उठले पाहिजेत. नंतर नव्हे. 

ते गाणे पुढे कसे मिळाले ते सांगून थांबतो. प्रोग्रामला दुसऱ्या यंत्राचे नाव सांगून ते उतरविता आले असते, आमचा कार्यकर्ता तेच करावयास बसला होता. पण आम्हांला वाटले, जिने ते केले तिलाच विचारावे. कमेंट लिहिण्याची सोय नव्हतीच. चॅनेलच्या माहितीत एक फोन नंबर सापडला, तो लावला. शेजारच्याच जिल्ह्यातील एक अंगणवाडी सेविका निघाल्या. गाणे त्यांनीच रचलेले, आवाज त्यांचा, आणि पुठ्ठ्याचे आकडे त्यांच्या अंगणवाडीतल्या मुलांनी रंगविलेले. त्यांनी त्याच संध्याकाळी मूळ फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. आम्ही पैशांचे विचारले तेव्हा त्या हसल्या. व्हिडिओ कित्येक हजार वेळा पाहिला गेला आहे एवढा आकडा त्यांना दिसे. पण कोणी पाहिला, मुलांना आवडला की नाही, कोठे अडखळायला होते, हे सांगणारा वर्षभरात आमचा पहिलाच फोन होता. मग त्यांनी अक्कांच्या नातवाची चौकशी केली. एकोणीसनंतर पोरगा काय म्हणतो, असे त्यांनी विचारले. आम्हांला ठाऊक नव्हते. अक्का गावाहून परतल्यावर आम्ही त्यांना विचारले, त्या म्हणाल्या, “एकोणीसनंतर डायरेक तीस म्हणतोय.” ते आम्ही बाईंना कळविले. बाई म्हणाल्या, “म्हणजे माझीच चूक हाय, वीस मी घाईत म्हटलंय.” पुढच्या महिन्यात त्यांनी गाणे नव्याने म्हणून पाठविले, त्यात वीसवर त्या चांगल्याच थांबल्या आहेत.